जादूचा काढा, सर्पगंधेची मुळी

प्रश्न : माझी तेरा वर्षांची मुलगी जादूगारांच्या कादंबऱ्यांत बुडालेली असते. ओवा, तुळस, हळद घालून ‘धैर्याचा काढा’, ‘प्रेमाचा काढा’ अशा कृती वहीत लिहिते, मंत्र पाठ करते. परवा विचारत होती, ‘आई, यातलं काहीच खरं नसतं का?’ काय सांगू? पुस्तकं बंद करू का?
– एक आई, बोरिवली

उत्तर : ताई, पुस्तकं अजिबात बंद करू नका. परळला औषधाच्या दुकानात माझी हयात गेली, त्यामुळे तिचा प्रश्न मला फार आवडला.

तिला सर्पगंधेची गोष्ट सांगा. तपकिरी, वेडीवाकडी मुळी, जिभेला लावली तर कडूजहर. झोप लागत नाही, डोकं फिरलंय, अशांना आपल्याकडे ती पिढ्यान्‌पिढ्या देत आले. आपल्या केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या 50 रुग्णांना दिली, दाब मोजून नोंदी ठेवल्या आणि 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. मग जगभरचे डॉक्टर या मुळीकडे वळले. 1952 मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे रक्तदाब उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं गेलं.

म्हणजे काढ्यात गुण असू शकतो. पण कादंबरीत घोटभर प्यायलं की काम फत्ते, पिणाऱ्याचं वय-वजन कुणी विचारत नाही. रेसर्पिनच्या गोळीत औषध जेमतेम पाव मिलिग्रॅम, तरी नाक चोंदायचं, मात्रा वाढली की काही जण खिन्न व्हायचे. धोतऱ्यातलं अ‍ॅट्रोपिन डोळे तपासताना बाहुली मोठी करायला वापरतात. धोतऱ्याच्याच बिया पोटात गेल्या तर माणूस भ्रमिष्ट होतो, जीवही जातो. तेव्हा एकच नियम घाला : वहीत हवं ते उकळ, सोसायटीच्या बागेतला पाला मात्र तोंडात घालायचा नाही.

मंत्राने सापाचं विष उतरलं असं लोक सांगतात, कारण चावणारे बरेच साप बिनविषारी असतात. नाग-घोणसाचं विष अंगात भिनलं तर प्रतिविषच हवं. परळच्याच हाफकिन संस्थेने ते घोड्यांच्या रक्तापासून वर्षानुवर्षं बनवलंय.

मला राग येतो तो लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘वशीकरण, गॅरंटीने’ या चिठ्ठ्यांचा. कादंबरी आपण कल्पित आहोत हे लपवत नाही. हे लोक मात्र घाबरलेल्या, एकट्या पडलेल्या माणसाला लुबाडतात. मंत्र-ताईताने रोग बरा करण्याच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे, 2013 पासून राज्यात जादूटोणाविरोधी कायदाही आहे. अशी चिठ्ठी दिसली की लेकीला वाचायला लावा आणि विचारा : मात्रा किती, दुष्परिणाम काय, नोंदी कुठे आहेत?