जुना लॅपटॉप, आता कोणती सिस्टिम?

प्रश्न: लॅपटॉपवर विंडोज १० आहे, टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) नाही म्हणून ११ चढत नाही. मॅक घेऊ की लिनक्स टाकू? काम फक्त ब्राउझर, मेल, मुलांचा अभ्यास.

उत्तर: नवीन घ्यायची घाई अजिबात करू नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट (म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट) संपला, पण म्हणून लॅपटॉप काही बिघडलेला नाहीये. लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स सिस्टिमचा एक मोफत प्रकार) पेनड्राइव्हवर घ्या आणि इन्स्टॉल न करता तिथूनच चालू करून बघा, हार्डडिस्कवरचं सगळं जसंच्या तसं राहतं आणि वायफाय, आवाज, प्रिंटर चालतायत का ते लगेच कळतं (प्रिंटर नक्की बघा, बऱ्याचदा तिथेच गाडी अडते). जमलं तर बॅकअप घेऊन बिनधास्त टाका. मॅक छानच, पण एवढ्याशा कामासाठी मला तरी तो खर्च पटत नाही.