आधी स्टेट कागदावर काढ
वेब ॲपमध्ये कधी कोणती स्क्रीन दिसेल ते ठरवायला यूआय-राउटर ही जावास्क्रिप्ट लायब्ररी घेतलीस, छान! यूआरएल जरा बाजूला ठेव आणि स्क्रीन कोणकोणत्या अवस्थांत (म्हणजेच स्टेटमध्ये) असेल ते कागदावर काढ. आपल्या नाशिकचं कांदाभावाचं ॲप धर: 'बाजार' ही पेरेंट स्टेट, म्हणजे बाहेरची, बाजारांच्या यादीची; 'बाजार.तपशील' तिची चाइल्ड, म्हणजे तिच्या आत दिसणारी, निवडलेल्या बाजाराची. लासलगाववरून पिंपळगाववर क्लिक केलं की फक्त तपशील बदलायचा, शेजारची यादी जागची हलता कामा नये.

हमखास चुकतं ते असं:
- पेरेंटच्या टेम्प्लेटमध्ये (तिच्या एचटीएमएलमध्ये) यूआय-व्ह्यू, म्हणजे चाइल्ड जिथे दिसते ती जागा दाखवणारा टॅग, टाकायचा राहतो. यूआरएल बदलते, चाइल्ड दिसत नाही, एररही येत नाही. माझी यात अख्खी रात्र गेली होती, म्हणून आधी हेच तपास.
- निवडलेला बाजार यूआरएलच्या पॅरामीटरऐवजी साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवतात. रिफ्रेश केलं की गायब.

रिझॉल्व्ह (स्टेट उघडण्याआधी डेटा आणणं), ट्रान्झिशन हुक (स्टेट बदलताना चालणारा कोड) आत्ता नकोतच. दोन स्टेट चालव, मग कोड दाखव.