काळ्या डोळ्यांची विलो आणि फिजिक्सची दोन जर्नल्स

"मॅडम, हिला हिरॉईन आवडतच नाही. तिची ती मैत्रीण आवडते, आणि तीही वाईट झाल्यावरची." अकरावीतल्या लेकीच्या वॉलपेपरचा फोटो आईनं गुपचूप काढून आणला होता. काळे केस, डोळ्यांचा पांढरा भागसुद्धा काळाभोर, गालांवर काळ्या शिरा. "उद्या हीपण अशीच झाली तर?"

ही काळजी घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारी ती काही पहिली आई नव्हे. पात्र बदलतं, प्रश्न तोच असतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मालिका होती 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर', अमेरिकेतली, १९९७ ते २००३. बफी पिशाचांचा फडशा पाडणारी नायिका. विलो तिची मैत्रीण: अभ्यासू, मऊ बोलणारी, आधी कॉम्प्युटर आणि पुढे जादू सांभाळणारी. सहाव्या सीझनच्या शेवटी, २००२ मध्ये, विलोची जोडीदार टारा गोळी लागून मरते. विलो मारेकऱ्याची कातडी सोलते आणि मग जगच संपवायला निघते. मी ते भाग पाहिले. मूल काय बघतंय ते स्वतः न बघता त्यावर बोलणं मला जमत नाही; तीन रात्रींची झोप गेली, तो भाग वेगळा.

"जग बुडवणारी विलो आवडते तुला?" मी पोरीला विचारलं.

"नाही हो. तो फोटो नुसता भारी दिसतो. मला पर्सीवाला एपिसोड आवडतो."

तो १९९९चा. मुख्याध्यापक विलोला दम देतात, बास्केटबॉल खेळणाऱ्या पर्सीला पास करून दाखव. पर्सी धरूनच चालतो की निबंध हीच लिहून देणार. मित्र कौतुकानं तिला भरवशाची म्हणतात आणि नेमकं तेच तिला लागतं. मग दुसऱ्याच एका जगातली, पिशाच झालेली विलो गावात येते. अंगात चामड्याचे कपडे, आवाज मात्र तोच बारीक. "कंटाळा आला," म्हणते आणि माणसांवर हात टाकते. पर्सी नेहमीसारखा अरेरावी करायला जातो, तर त्याला उचलून आपटते. दुसऱ्या दिवशी तो खऱ्या विलोपुढे स्वतः लिहिलेलं काम घेऊन हजर. कोणता रूझवेल्ट ते कळलं नाही, म्हणून दोन्ही राष्ट्राध्यक्षांवर लिहिलेलं! वर एक सफरचंद.

हे सांगताना पोरगी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. रुमाल काढायला तिनं बॅग उघडली, तेव्हा फिजिक्सची दोन जर्नल्स दिसली. एक तिचं. दुसऱ्यावर मैत्रिणीचं नाव, आत अक्षर हिचंच, जरा तिरकं करून काढलेलं.

"नाही लिहून दिलं तर ती बोलणं बंद करते."

मला तिथंच उलगडलं. बफीचा राग दर भागात निघून जातो. मुठी आवळायच्या, पिशाच मारायचं, हे तिचं कामच. विलोनं मात्र वर्षानुवर्षं इतरांची पुस्तकं चाळली, इतरांची दुःखं ऐकली. तिचा राग कुणी विचारलाच नाही. तो बाहेर येतो तेव्हा नायिका फिकी पडणारच. शिवाय सहाव्या सीझनमधली बफी आई गेल्यावर घरखर्चासाठी बर्गरच्या दुकानात राबतेय. त्या वयाच्या मुलीनं तिच्यात काय बघावं?

तरी मी थेट विचारलं: कुणाला इजा करावीशी वाटते का? स्वतःला? झोप, जेवण कसं आहे? हे विचारल्याशिवाय नुसतं 'वय आहे' म्हणून सोडू नये. तिथं काही सापडलं असतं, तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. उत्तरं स्वच्छ होती. मग आम्ही एकच वाक्य घोटलं, "या वेळी तुझं तू लिही." पहिल्यांदा तिनं ते म्हटलं, त्याला 'सॉरी' चिकटलेलं होतं. सातव्यांदा निघालं.

आईंना मी दोन गोष्टी सांगितल्या. 'माझ्या नवऱ्याची बायको' मालिकेतली खलनायिका शनाया पडद्यावर आली की त्यांचा लाटण्यावरचा हात थांबायचा, हे त्यांनीच कबूल केलं. त्यानं त्यांचा संसार काही बिघडला नाही. दुसरं, विलो शेवटी बफीच्या ठोशांनी थांबत नाही. बालवाडीपासूनचा मित्र झँडर पुढं येतो. तुझ्या हातून पिवळा खडू मोडला होता आणि तू रडली होतीस, ती रडणारी विलो मला आवडते आणि ही भीतीदायकही, असं सांगत तो तिचे वार झेलत उभा राहतो. आई बराच वेळ गप्प होत्या. "ही लहानपणी कधी रडलीच नाही हो," एवढंच म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. मैत्रिणीनं चार दिवस अबोला धरला आणि पाचव्या दिवशी जर्नल स्वतः लिहिलं. पण तक्रार ती नव्हतीच.

"मॅडम, काल धाकट्याचा प्रोजेक्ट करून दे म्हटलं, तर मलाच म्हणते, तुमचं तुम्ही बघा!"