अर्जांनी मुदत थांबत नाही

प्रश्न : आमची मच्छीमार सहकारी संस्था उजनीच्या पाणफुगवट्यावर, इंदापूरच्या बाजूला मासेमारी करते. काठच्या गाळपेर जमिनीत, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जागेत, काहींनी तळी खोदून थाई मांगूर हा इतर मासे खाणारा परदेशी मासा पाळला आहे. धरण भरलं की तळी पाण्याखाली जातात आणि मांगूर जलाशयात येतो. तहसील, मत्स्यव्यवसाय आणि जलसंपदा या तिघांना मिळून अकरा अर्ज दिले. एकदा पंचनामा होऊन तळी बुजवली गेली, पण ती पुन्हा खोदली. आता रोहू-कटला कमी आणि मांगूर जास्त, अशी गत आहे. शिवाय सकर मासा जाळी फाडतो तो वेगळाच. बंदी मोडली म्हणून तळेवाल्यांवर केस करता येईल का? भरपाई मिळेल का? (सचिव, एक मच्छीमार संस्था)

उत्तर : थाई मांगुरावर २००० सालापासून बंदी आहे आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने, साठे नष्ट करायला सांगितलं, हे तुम्हाला माझ्याइतकंच पाठ आहे. तुमच्या अकराही अर्जांची सुरुवात त्यानेच होते, म्हणून ते पुन्हा उगाळत नाही. अशी पत्रं येतच असतात. तळं बदलतं, तालुका बदलतो, मजकूर तोच आणि चूकही तीच.

तुम्ही पाठवलेल्या गठ्ठ्यातला एकच कागद मी दोनदा वाचला, तुमचा पहिला अर्ज. त्यावर आवक शिक्का आहे आणि दुसऱ्या ओळीत तुमच्याच अक्षरात लिहिलंय : 'सप्टेंबर २०२२ पासून आमच्या जाळ्यात मांगूर सापडू लागला आहे.' तुमची केस या ओळीवर तरेल किंवा बुडेल.

राष्ट्रीय हरित लवाद कायद्याच्या कलम १४ खाली पर्यावरणाच्या वादात दाद मागायला ६ महिने मिळतात. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. मोजणी सुरू होते ती वादाचं कारण 'पहिल्यांदा' घडलं त्या दिवसापासून. म्हणजे मार्च २०२३ मध्ये तुमचे सहा महिने संपले आणि मे संपायच्या आत ते साठ दिवसही. तेव्हा तुम्ही काय करत होतात? स्मरणपत्रं लिहीत होतात. सचिवसाहेब, तहसीलदारांना अर्ज दिल्याने मुदत थांबत नाही, स्मरणपत्राने थांबत नाही आणि 'साहेब येतो म्हणालेत' याने तर मुळीच नाही. हे मी किती जणांना सांगितलं याची मोजदाद आता सोडली आहे.

तुम्ही म्हणाल, २०२३ ला धरण भरलंच नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी त्याच्याही खाली गेलं, तळी उघडी पडली, तळेवाल्यांनी नव्याने बीज सोडलं आणि ऑगस्टमध्ये पाणी चढलं तेव्हा नवा मांगूर बाहेर आला. मग कारणही नवं नाही का? युक्तिवाद वाईट नाही, मीही तो मांडेन. पण सगळा भार त्यावर टाकणार नाही, कारण 'पहिल्यांदा' हा शब्द समोरचा वकील सोडणार नाही.

तुमच्यासाठी खुला दरवाजा कलम १५ चा आहे. नुकसानभरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करून मागणं यासाठी तिथे ५ वर्षं आहेत. तीही पहिल्या दिवसापासून मोजायची, म्हणजे सप्टेंबर २०२७ पर्यंत. पुढचे ६० दिवस लवादाच्या मर्जीचे, ते धरूच नका. तेव्हा 'बंदी मोडली, कारवाई करा' हा सूर सोडा आणि भरपाईचा अर्ज करा. तळी कायमची बुजवून मागायची तीही याच अर्जात, पर्यावरण पूर्ववत करण्याचा भाग म्हणून. दिवाणी कोर्टाकडे वळू नका, लवादाच्या अखत्यारीतल्या दाव्यांना तिथे मज्जाव आहे.

तुमच्या मसुद्यात सगळीकडे १८९७ चा मत्स्यव्यवसाय कायदा आहे. लवाद ज्या कायद्यांखालचे वाद ऐकतो त्यांची यादी लवाद कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिच्यात तो नाही. वन्यजीव कायदाही नाही. १९७४ चा जल प्रदूषण कायदा, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि २००२ चा जैवविविधता कायदा आहेत. म्हणून मला तुमच्या पंचनाम्याचं तिसरं पान आवडलं. तिथे तलाठ्याने सहज लिहून ठेवलंय : 'तळ्याकाठी कोंबडीच्या आतड्यांनी भरलेली चार पिंपे, दुर्गंधी.' मांगुराला घातलं जाणारं हे खाद्य तळ्यातून जलाशयात उतरलं की जल कायद्याचं कलम २४ लागू होतं. तुमच्या अकरा अर्जांपेक्षा ही ओळ मोलाची. पाण्याचा नमुना मात्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडूनच घेववा. तुम्ही बाटलीत भरून आणलेलं पाणी कोणी विचारणार नाही.

'मासा माझ्याच तळ्यातला कशावरून' असं प्रत्येक तळेवाला म्हणेल. त्यावर कलम १७ मध्ये उत्तर आहे : नुकसान अनेकांच्या कृत्यांमुळे झालं असेल, तर लवाद जबाबदारी वाटून देऊ शकतो. तरी तळ्यातला आणि जलाशयातला असे दोन्हीकडचे मासे ओळख पटवायला द्या. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था त्यासाठी योग्य. नमुना कसा पाठवायचा ते आधी त्यांनाच विचारा. मागे एका अशिलाने पुरावा म्हणून ओल्या पोत्यात मांगूर आणला होता. दीड तासाने त्याचा नंबर लागला तेव्हा बाकाखालचं पोतं सरकत सरकत दारापाशी गेलेलं. हवेतला श्वास घेणारा मासा आहे तो. पाण्याबाहेर काढला म्हणजे मेला, असं धरून चालू नका.

आता तुमच्या कच्च्या बाजूचं. संस्थेच्या विक्रीवहीत दोन वर्षं 'मांगूर' असा रकाना आहे आणि त्यापुढे किलो नि रुपये. जाळ्यात आलेला मासा गरीब माणूस फेकून देणार नाही, हे मला कळतं. समोरचा वकील मात्र पहिल्या तारखेला हीच वही उघडेल. विक्री आजच थांबवा. सापडलेला मांगूर रोज वजन करून वेगळा नोंदवा आणि तो नष्ट करायला मत्स्यव्यवसाय विभागाला लेखी कळवा. हा कागद मात्र अर्ज नव्हे, पुरावा आहे. २०२२ पूर्वीच्या वह्या असतील तर सोनं समजा, कारण रोहू, कटला, मरळ किती घटले ते त्यातूनच सिद्ध होईल. जलचरांची हानी आणि धंद्याचं नुकसान या दोन्ही बाबी भरपाईच्या अनुसूचीत आहेत. कोर्ट फी मागणीच्या १ टक्का, म्हणून आकडा फुगवू नका. वीस लाख मागाल तर वीस हजार आधी भरावे लागतील.

जमीन जलसंपदाची असेल तर त्यांना प्रतिवादी करा. त्यांच्यावर किती जबाबदारी येईल, हे आज सांगणं धाडसाचं ठरेल. बाहेरचा मासा सोडणं म्हणजे 'पर्यावरणाची हानी' का, यावरही वाद होईल. माझं मत होकारार्थी आहे, पण ते लवादाला पटवायचं आहे.

सकर माशाचं सोडून द्या. तो घरोघरच्या काचेच्या टाक्यांतून आलाय. टाकीत मावेना झाला म्हणून ओढ्यात सोडून देणारा प्रतिवादी कुठून शोधणार?

कायदा म्हणतो, अर्ज सहा महिन्यांत निकाली काढण्याचा 'प्रयत्न' करावा. त्या शब्दाचा अर्थ तारखा पडू लागल्या की कळेल. म्हणून २०२७ चा सप्टेंबर उजाडायची वाट बघू नका आणि बारावा अर्जही लिहू नका. पुण्याला याल तेव्हा पहिल्या अर्जाची शिक्क्याची प्रत आणि सगळ्या वह्या घेऊन या. झेरॉक्स नको, मूळ.