पेन्शनच्या वयाआधीचा अर्ज

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ७२ वर्षांचे गृहस्थ, गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आलेला, दारापासून फाटकापर्यंत जायलाही कोणाचा तरी आधार लागतो. आणि शेजारी राहणाऱ्या त्यांच्याच वयाच्या माणसाकडे मात्र मोटॅबिलिटी योजनेतली गाडी आहे. ‘त्यांना मिळते, मग मला का नाही?’ या त्यांच्या प्रश्नावर सल्ला केंद्रात तुला गप्प बसावे लागले, असे तू लिहिले आहेस. या प्रश्नाला उत्तर आहे, पण इतकी वर्षे हे काम करूनही ते समोरच्याला सांगताना मला जड जाते.

ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेली ही योजना स्वतः कोणाचे अपंगत्व तपासत नाही. ज्या व्यक्तीला सरकारकडून ठरावीक भत्ता मिळतो, तिने तो गाडी, स्कूटर किंवा विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरच्या भाड्यापोटी वळता करायचा, एवढीच तिची रचना आहे. त्यामुळे योजनेला वयाची वरची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती भत्त्याला. पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट या अपंगत्व भत्त्यातला हालचालीचा वरचा दर मिळत असेल तर गाडी घेता येते, परंतु या भत्त्यासाठी पहिला अर्ज सरकारी पेन्शनचे वय गाठण्यापूर्वीच करावा लागतो. ते वय ओलांडल्यावर उरतो तो अटेंडन्स अलाउन्स. तो देखभालीच्या गरजेसाठी दिला जातो आणि त्यात हालचालीचा भाग मुळातच नाही. स्कॉटलंडने त्याच्या जागी आणलेल्या पेन्शन एज डिसअॅबिलिटी पेमेंटमध्येही तो नाही. म्हणजे एकाच प्रकारचा पक्षाघात ६४ व्या वर्षी झाला आणि वेळेत अर्ज केला तर गाडीचा मार्ग खुला राहतो, आणि ७१ व्या वर्षी झाला तर तो बंद असतो. मला हा नियम अन्यायकारक वाटतो, आणि तसे मी समोरच्याला स्पष्ट सांगतो, कारण ‘तुमचा आजार पुरेसा गंभीर नाही’ असा समज करून घेऊन त्याने घरी जावे हे मला सहन होत नाही.

शेजाऱ्याला पेन्शनच्या वयाआधीच भत्ता मंजूर झालेला असणार. अटी पूर्ण होत राहिल्या तर तो पुढेही चालू राहतो. ८ एप्रिल २०१३ रोजी ज्यांनी ६५ वर्षे पूर्ण केली होती, त्यांचा डिसअॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स, म्हणजे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंटच्या आधीचा जुना भत्ता, तसाच ठेवला गेला. म्हणून ऐंशीच्या पुढची माणसेही योजनेत दिसतात. युद्धनिवृत्तिवेतनाबरोबर मिळणारा हालचालीचा पूरक भत्ताही योजनेसाठी चालतो. तेव्हा लष्करी सेवेतली दुखापत आहे का, हे ज्येष्ठांना विचारायला विसरू नकोस.

आता जिथे सर्वाधिक नुकसान होते, त्याकडे वळतो. भत्ता आहे, पण हालचालीचा खालचा दर आहे, अशी माणसे तुझ्याकडे येतील. पेन्शनच्या वयानंतर प्रकृती ढासळली, एवढ्या कारणावर त्यांचा दर वाढत नाही, आणि हालचालीचा भाग मुळात मंजूरच झालेला नसेल तर तो नव्याने मिळत नाही. मूळ निर्णयच चुकीचा असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून निर्णयाचे पत्र हाती घेतल्यावर आधी त्यावरची तारीख वाच. फेरविचाराची मागणी साधारणपणे एका महिन्यात करायची असते. वरच्या दरासाठी भत्त्याच्या तपासणीत हालचालीचे १२ गुण लागतात आणि २० मीटरपलीकडे चालता न येणे हा त्यातला एक निकष आहे. मात्र ते अंतर सुरक्षितपणे, पुन्हा पुन्हा, वाजवी वेळात आणि नीट चालता येते का, हेही कायदा पाहतो. वृद्ध माणसे स्वाभिमानाने ‘जातो की हळूहळू’ असे म्हणतात. त्या हळूहळूला किती मिनिटे लागतात आणि नंतर किती वेळ बसून राहावे लागते, हे विचारून अर्जात लिहायला हवे.

माझ्या हातून झालेली एक चूक तुला सांगतो. मणक्याच्या दुखण्याने खिळलेल्या एका बाईंना मी शस्त्रक्रिया होईपर्यंत थांबून मग अर्ज करायला सांगितले होते. शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली आणि मधल्या काळात त्या पेन्शनच्या वयाच्या झाल्या. त्यांना गाडी मिळू शकली असती की नाही, हे आता कोणीच ठरवू शकत नाही, पण अर्ज करण्याचा हक्क त्यांनी माझ्या सल्ल्यामुळे गमावला. तेव्हापासून समोर बसलेल्या प्रत्येकाची जन्मतारीख मी सर्वांत आधी विचारतो.

तुझ्या गृहस्थांसाठी अजूनही करण्यासारखे पुष्कळ आहे. अटेंडन्स अलाउन्सचा अर्ज लगेच भर. नगरपालिकेकडून मिळणाऱ्या ब्लू बॅजला, म्हणजे अपंगांसाठीच्या पार्किंग परवान्याला, वयाची अट नाही, आणि एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची, व्हीलचेअर सेवाही वयाकडे न पाहता गरज तपासते.

पण तुझ्या पत्रातले शेवटचे वाक्य वाचून मी थांबलो. त्यांची पत्नी ६५ वर्षांची आहे आणि संधिवातामुळे दोन वर्षांपासून तिला जिना चढता येत नाही, असे तू जाता जाता लिहिले आहेस. ती स्वतःसाठी काहीच मागत नाही, म्हणून तिचा विचार मागे पडला असावा. पेन्शनचे वय २०२६ ते २०२८ या काळात टप्प्याटप्प्याने ६६ वरून ६७ होते, तेव्हा जन्मतारखेवरून तिचा नेमका दिवस काढ. गाडी चालवता येत नाही, ही सबब तिला सांगू देऊ नकोस; लाभार्थ्याने स्वतः गाडी चालवलीच पाहिजे असे नाही, चालक म्हणून दुसऱ्याचे नाव देता येते. तिला भत्ता मिळेलच असे आश्वासन देऊ नकोस. मात्र सोमवारी केंद्र उघडल्यावर पहिला फोन तिला शेजारी बसवून तिच्याच अर्जासाठी कर, आणि काय झाले ते मला कळव.