आधी डॉक्टर, मग पोर्टफोलिओ

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची, बारावीला आहे. उंची ५ फूट ८ इंच. कॉलेजच्या फॅशन शोनंतर पुण्याच्या एका मॉडेलिंग एजन्सीने तिला "पाच-सहा किलो कमी कर, मग बघू" असं सांगितलं. आता ती ४८ किलोवर आली आहे. डब्यात नुसती काकडी नेते. लहानपणी आजीजवळ चुलीपाशी बसून गरम भाकरीचा पापुद्रा लसणाच्या चटणीशी खायची. आता आजी तिच्यासाठी भाकरी राखून ठेवते, ती तशीच राहिली की आजीही जेवत नाही. तीन महिने पाळी नाही. रडते, चिडते. तिचे बाबा म्हणतात, हे खूळ आजच बंद. यात खरंच करिअर होतं का?
– एक आई, इस्लामपूर

उत्तर : ताई, करिअरचं सांगतो, पण जरा थांबा. पाळीची गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत, माझ्या लेखी तीच पहिली. या उंचीला ४८ किलो म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) १६ च्या आसपास. प्रौढांसाठी खालची मर्यादा १८.५ धरतात. तिच्यासाठी डॉक्टर वयानुसारचे तक्ते बघतील, पण त्यातही हे वजन कमीच भरेल. याच आठवड्यात तिला फिजिशियनकडे न्या. नाडी, बीपी, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम तपासायला सांगा, कारण उपासमारीचा ताण हृदयावर येतो. चक्कर येऊन पडली तर त्याच दिवशी न्या. आणि धसक्याने ताट भरून वाढू नका. बरेच दिवस अर्धपोटी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न झेपत नाही. किती, कसं वाढवायचं ते डॉक्टर ठरवतील. जोडीला मानसोपचारतज्ज्ञही लागतील. मधल्या काळात टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतूनही.

आजींना मात्र समजवा. "तू खाल्लं नाहीस म्हणून मीही उपाशी" हे प्रेम खरं, पण त्याने पोरीच्या मनात भाकरीबरोबर अपराधीपणाही वाढला जातो. आजींनी आपलं जेवावं, तिला शेजारी बसू द्यावं. पानावर बसल्यावर वजन, मार्क, एजन्सी हे विषय नकोत. (लग्नकार्यात "कुठल्या चक्कीचं पीठ खातेस गं?" विचारणारी मावशी आणि आता "किती वाळलीस!" म्हणणारी मावशी बहुधा एकच असते. तिलाही आवरा.)

मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढलं की घरात "लोक काय म्हणतील" सुरू होईल. दीपिका पदुकोणचीही सुरुवात मॉडेलिंगमधूनच झाली. तिने २०१५ मध्ये आपल्या नैराश्याबद्दल उघडपणे सांगितलं, आणि काहीतरी बिनसलंय हे आधी तिच्या आईने ओळखलं होतं. तुम्हीही ओळखलंय.

आता धंद्याचं. उरुग्वेची लुइसेल रामोस ही २२ वर्षांची मॉडेल ऑगस्ट २००६ मध्ये रॅम्पवरून उतरताच कोसळली आणि दगावली. त्याच वर्षी माद्रिदच्या फॅशन वीकने १८ पेक्षा कमी बीएमआयच्या मुलींना रॅम्प बंद केला. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलला डॉक्टरांचा दाखला लागतो. आपल्याकडे असा कायदा नाही, त्यामुळे राखण घरच्यांनाच करावी लागते. तुमच्या मुलीला पाच-सहा किलो उतरव म्हणणाऱ्याने तिचा एकही मेडिकल रिपोर्ट मागितला नाही, एवढ्यावरून मी त्या एजन्सीचं माप काढतो.

करिअर होतं का? होतं, पण थोड्यांचं आणि बहुतेकांचं थोड्या वर्षांचं. रॅम्पचा झगमगाट दिसतो. रोजचं काम बरंचसं कॅटलॉगचं असतं, एका दिवसात कपड्यांचे ढीग बदलत उभं राहायचं. पैसे अनेकदा महिन्यांनी हातात येतात. नीट एजन्सी मिळालेल्या कामातून कमिशन कापते. "रजिस्ट्रेशन", "ग्रूमिंग" म्हणून आधीच पैसे मागणाऱ्याला नमस्कार करून उठावं. १८ पूर्ण होईपर्यंत तिने केलेला करार कायद्याने टिकत नाही, तेव्हा तिची सही कुठेही नको, आणि तुमचीही वकिलाला दाखवल्याशिवाय नको. कपड्यांचीच ओढ असेल तर खारघरला निफ्ट ही फॅशनचं शिक्षण देणारी सरकारी संस्था आहे. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देता येते. पण तिला कपडे आवडतात की कॅमेऱ्यासमोर उभं राहणं, हे तिलाच विचारा. मला तुमच्या पत्रातून ते कळलं नाही.

तिच्या बाबांना सांगा, बंदी घातलीत तर ती लपून जाईल आणि लपून उपाशी राहील. "नाही" ऐवजी "डॉक्टर हो म्हणाले की, आणि १८ पूर्ण झाल्यावर" असं म्हणावं आणि मग तो शब्द पाळावा. एजन्सीला बाबांनीच फोन करावा : मुलीवर उपचार चालू आहेत, वजन कमी होणार नाही, उलट वाढेल, वर्षभराने भेटू. फोन स्पीकरवर ठेवा. समोरून काय उत्तर येतं ते तिलाही ऐकू द्या.