प्राग ते म्युनिक: दोघांनी जायचं तर असं जा

भाऊ, युरोप सहल कशी आखावी हा तुमचा प्रश्न नीट वाचला. आर्वी तालुक्यातलं गाव, हरभरा-गहू निघाल्यावर मे महिन्यात बारा दिवसांची मोकळीक, दोघंच. तुम्हाला तिकडची बीअर चाखायची आहे, वहिनींना जुनी शहरं पाहायची आहेत, बीफ दोघांनाही चालत नाही. आणि टूरवाल्याने हातात कागद दिला आहे: पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, कलोन, म्युनिक, प्राग.

माझं मत विचाराल तर तो कागद परत करा. निम्मी सुटी बसमध्ये जाईल. तिकडे बीअर त्या त्या गावाची असते. पाणी तिथलं, तळघर तिथलं, सोबतचं जेवणही तिथलंच. म्हणून गावं थोडी घ्या आणि तिथे निवांत बसा. चेक प्रजासत्ताकात प्रागला चार रात्री आणि प्लझेनला एक, मग जर्मनीत बाम्बेर्गला दोन आणि म्युनिकला चार. सगळं रेल्वेने होतं.

प्रागमध्ये चार्ल्स पूल पहाटेच पाहा, दहानंतर पाय ठेवायला जागा नसते. चौकातलं खगोलीय घड्याळ १४१० सालचं आहे, दर तासाला त्याच्या खिडक्यांतून पुतळे फिरतात, वहिनींना फार आवडेल. संध्याकाळी साध्या पबमध्ये जा. वेटर टेबलावर कागदाची एक पट्टी ठेवतो आणि प्रत्येक ग्लासामागे पेन्सिलने एक रेघ ओढतो. तीच पट्टी म्हणजे बिल, ती हरवू देऊ नका. वर तीन-चार बोटं दाट फेस असेल. ग्लास कमी भरला म्हणून वाद घालू नका, तिथे फेस बीअरचाच भाग मानतात आणि तो मुद्दाम, काळजीपूर्वक आणतात.

मेनूवर १०, १२ असे आकडे दिसतील. तो अल्कोहोलचा टक्का नाही. आंबवण्याआधी रसात साखर किती होती, त्याचं ते माप आहे. १० ची म्हणजे साधारण ४ टक्के, १२ ची म्हणजे ५ च्या आसपास. आपल्याकडच्या स्ट्राँगपेक्षा दोन्ही सौम्य.

प्लझेन मात्र गाळू नका. प्रागहून गाडीने दीडेक तास. १८३८ मध्ये इथल्या लोकांनी खराब बीअरची पिंपं भर चौकात ओतून दिली, मग गावाने स्वतःचा कारखाना उभारला आणि शेजारच्या बव्हेरियातून (आज तो जर्मनीचा भाग) योसेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला. १८४२ मध्ये त्याने सोनेरी, नितळ बीअर काढली. आज जगभर पिल्सनर म्हणून जे विकतात त्याचं मूळ हे. इथलं पाणी अगदी हलकं, साट्स भागातल्या हॉप्सचा, म्हणजे बीअरमध्ये घालतात त्या वेलीच्या फुलांचा, कडूपणा त्यात मऊ होतो. कारखान्याची सहल आधी बुक करा, मे असला तरी स्वेटर न्या. खाली दगडात खोदलेली लांबच लांब तळघरं आहेत, ओली आणि गार. शेवटी ओकच्या पिंपाची तोटी उघडून न गाळलेली, किंचित गढूळ बीअर तिथेच ग्लासात देतात. तो घोट मी अजून विसरलो नाही. बाटलीतली तीच बीअर नंतर निराळी वाटते.

बाम्बेर्गला जव बीचच्या लाकडावर वाळवतात, त्यामुळे बीअरला धुराचा वास येतो, निखाऱ्यात भाजलेल्या वांग्याच्या भरताला येतो तसा. पहिला घोट विचित्र लागेल. ग्लास टाकू नका, हळूहळू जीभ सरावते. शहर १९९३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. नदीच्या मधोमध पुलावर बांधलेलं जुनं नगरभवन जरूर पाहा.

आता जेवण. चेक मेनूवर ‘होव्येझी’ आणि जर्मनीत ‘रिंड’ दिसलं की ते बीफ. स्विच्कोवा हा सॉसमधला चेक पदार्थ बीफचाच, गुलाश म्हणजे मांसाचा दाट रस्सा, तोही बहुतेकदा बीफचा, आणि म्युनिकच्या पांढऱ्या सॉसेजमध्ये वासराचं मांस असतं. चालणारं असं: बीअर गार्डनमधली भाजलेली कोंबडी, डुकराचं मांस चालत असेल तर न्युरेम्बर्गची बोटाएवढी सॉसेज, तळलेलं चीज, चीज घातलेले श्पेत्झ्ले (जाड शेवयांसारखा पिठाचा पदार्थ). मे महिना म्हणजे जर्मनीत पांढऱ्या शतावरीचा हंगाम, २४ जूनला तो संपतो. उकडलेले बटाटे आणि लोण्याच्या सॉससोबत एकदा तरी खा. सॉसमध्ये अंडं असतं, वहिनींना चालत नसेल तर नुसतं लोणी मागा.

आपला जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे बायकोसमोर ग्लास धरायला संकोच वाटतो असं तुम्ही लिहिलंय. म्युनिकच्या बीअर गार्डनमध्ये तो आपोआप जाईल. चेस्टनटच्या सावलीत लांब बाकांवर आजी-आजोबा, लेकरं, सगळं घरदार बसलेलं असतं. ही झाडं पूर्वी खालची तळघरं गार राहावीत म्हणून लावलेली. ज्या टेबलांवर कापड नसतं, तिथे घरचं खाणं उघडायची मुभा आहे, फक्त बीअर तिथलीच घ्यायची. दशम्या, ठेचा, चिवडा खुशाल न्या. तूप, पेढे मात्र नेऊ नका, दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपियन युनियनमध्ये बंदी आहे. वहिनींसाठी राडलर सांगा, निम्मं लिंबूपेय असतं त्यात. अल्कोहोल नसलेली बीअरही सगळीकडे मिळते, आमच्या सौ. तीच घेतात. ‘श्टामटिश’ लिहिलेल्या टेबलावर बसू नका, ते नेहमीच्या गिऱ्हाइकांचं असतं.

बेल्जियम पुढच्या खेपेला ठेवा. तिथल्या कित्येक बीअर ८-९ टक्क्यांच्या, काही त्याहूनही कडक असतात, दिवसाला एकदोनच झेपतात, आणि फ्राइज परंपरेने बीफच्या चरबीत तळतात.

व्हिसा: जिथे रात्री जास्त त्या देशाचा, म्हणजे या आखणीत जर्मनीचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान १५ दिवस आधी तरी हवाच, पण तुम्ही जानेवारीतच भरा. मोठ्या माणसाला ९० युरो फी, आणि ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे कागद कमी पडतात. सातबारा, आडत्याच्या पट्ट्या आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट इंग्रजी भाषांतरासह जोडा. विमान जाताना प्रागचं आणि येताना म्युनिकचं घ्या.

तारखा ठरल्या की इथेच टाका, प्लझेन ते बाम्बेर्ग कुठे गाडी बदलायची ते मी लिहून देतो.